घरातली वडीलधारी माणसे का खंगतात?

"आता वय झालं. चालायचंच." आपल्या वस्तीत कुणाच्याही घरी खाटेवर पडून असलेल्या आजीची किंवा आजोबांची चौकशी केली, तर बहुधा हेच उत्तर मिळते. मुलगा हेच सांगतो, सून हेच सांगते, शेजारी हेच सांगतात आणि शेवटी ती आजीही हेच बोलू लागते. विहाराच्या कामासाठी, जयंतीच्या वर्गणीसाठी, कुणाच्या पुण्यानुमोदनासाठी आमची घरोघर ये-जा असते. त्या ये-जामध्ये हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, आता त्याची उलटतपासणी करावी असे आम्हांस वाटते.

कारण हे उत्तर बौद्धाच्या घरात शोभणारे नाही. कारणावाचून काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण आहे. दैवाच्या आणि नशिबाच्या बेडीतून सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. "वय झालं" म्हणून गप्प बसणे म्हणजे नशिबालाच दुसरे नाव देणे होय. एकाच चाळीत एकाच वयाच्या दोन बायका असतात. एक ७५ व्या वर्षी पिशवी घेऊन बाजारात जाते, दुसरीला मोरीपर्यंत जायला आधार लागतो. वय सारखेच आहे, तर फरक दुसरीकडे कुठेतरी असला पाहिजे. आमचे म्हणणे असे की, तो फरक पुष्कळदा आपल्याच घरात, आपल्याच सवयींत सापडतो; आणि म्हणून तो बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

खंगणे म्हणजे नेमके काय?

केस पिकणे, सुरकुत्या पडणे हे वार्धक्य झाले. खंगणे ही वेगळी गोष्ट आहे. २००१ साली अमेरिकेतील लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची पाच लक्षणे मांडली. आज जगभरचे डॉक्टर ती वापरतात. पहिले, प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलो किंवा त्याहून अधिक वजन घटणे. दुसरे, सतत थकवा. तिसरे, हाताची पकड सैल होणे. चौथे, चाल मंदावणे. पाचवे, एकूण हालचालच कमी होणे. यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे दिसली तर माणूस खंगला आहे असे समजतात. एक किंवा दोन दिसली तर तो त्या वाटेवर आहे.

आपल्या घरच्या भाषेत सांगायचे तर, पोलके खांद्यावरून उतरू लागते, बांगड्या कोपराकडे सरकतात. "अंगात त्राणच नाही" हे रोजचे बोलणे होते. लुगडे पिळता येत नाही, बरणीचे झाकण उघडत नाही. रस्ता ओलांडेपर्यंत सिग्नल बदलतो. आधी बाजार सुटतो, मग विहार सुटतो, मग गॅलरी सुटते आणि शेवटी उरते ती खाट.

ही लक्षणे साखळीसारखी एकमेकांत अडकलेली असतात. खाणे कमी झाले की स्नायू झिजतात. स्नायू झिजले की चालवत नाही. चालले नाही की भूक लागत नाही. भूक नाही म्हणून खाणे आणखी कमी. अशा माणसाला साधा ताप येवो, दोन दिवस जुलाब होवोत किंवा मोरीत पाय घसरो. धडधाकट माणूस आठवड्यात उठून बसतो, हा मात्र खाटेला खिळतो.

घरच्या घरी एक परीक्षा घेता येते. जागतिक आरोग्य संघटनेनेही ती सांगितली आहे. एक पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आजोबांना हात छातीवर घेऊन, कशाचाही आधार न घेता, पाच वेळा उठायला आणि बसायला सांगा. शेजारी कुणीतरी उभे राहा. पाच वेळा उठून बसायला १४ सेकंदांहून जास्त वेळ लागला किंवा जमलेच नाही, तर पायांतली ताकद कमी झाली आहे असे समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

ताटात काय पडते?

देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तीत साठ वर्षांवरील सुमारे २७ टक्के लोकांचे वजन असावे त्यापेक्षा कमी आढळले. म्हणजे चार वृद्धांमागे एकाहून अधिक जण. आपल्या समाजात याचे आश्चर्य वाटू नये. आज सत्तरी ओलांडलेल्या आपल्या कितीतरी माता-भगिनींनी १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडली आहे. ज्यांनी तरुणपणीच पोट मारले, त्यांच्या शरीरात म्हातारपणासाठी शिल्लक ती काय उरणार? स्नायू ही शरीराची शिल्लक असते. मिळवत्या वयात जमा कमी आणि खर्च जास्त झाला, तर पुढे पासबुक लवकर रिकामे होते.

परंतु आज घरात दोन पैसे येत असतानाही त्यांच्या ताटात काय पडते, ते पाहावे. सकाळी चहा आणि बटर किंवा टोस्ट. दुपारी आमटी-भात, तोही मऊ करून. संध्याकाळी पुन्हा चहा-पाव. रविवारी मटण आणले तर फोडी पोरांच्या ताटात जातात आणि आजीच्या वाटीत रस्सा येतो. "मला काय लागतंय आता, पोरं खाऊ देत," असे ती स्वतःच म्हणते आणि आपण ते खरे मानतो. जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवलेली बाई दुसरे काय म्हणणार?

वय वाढले की अन्नाची गरज संपते, हा मोठा गैरसमज आहे. भूक कमी होते, पण स्नायू टिकवणाऱ्या प्रथिनांची गरज कमी होत नाही. उलट थोडी वाढते. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे या विषयातील तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. चहा-टोस्टवर ही बेरीज होत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. पेलाभर दुधात तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत तेवढीच, वाटीभर घट्ट वरणातही जवळपास तेवढीच. सुकट, जवळा, बोंबील हे तर आपले घरचे अन्न आहे. ते वृद्धांना वर्ज्य नाही. फक्त मीठ धुऊन काढावे आणि काटे पाहून द्यावे. दात नसतील तर शेंगदाण्याचे कूट, फुटाण्यांचे पीठ, शिजवून घोटलेली मटकी, मऊ केलेले अंडे द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच हे प्रमाण ठरवावे.

दातांचा प्रश्न आला म्हणून मिश्रीविषयीही बोलले पाहिजे. ती तंबाखूच आहे. मिश्रीने हिरड्या खराब होतात, दात हलतात आणि भूक मरते. "सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे सवयीचे बोलणे आहे. पोट साफ व्हायला पाणी, भाजी आणि चालणे लागते.

"बसा आता, खूप केलंत"

हे दुसरे कारण लिहिताना जड जाते, कारण त्याचा उगम प्रेमात आहे. ज्या आईने चार घरची धुणीभांडी करून शिकवले, ज्या बापाने गोदीत ओझी वाहिली, त्यांना आता हलू द्यायचे नाही, असे मुलांना वाटते. ही भावना चुकीची कोण म्हणेल? परंतु तिचा परिणाम पाहावा.

आमच्या ओळखीच्या एक आजी आहेत. नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेल्या. पोलिसांच्या गाडीत चढतानाही घोषणा थांबली नव्हती, असे त्यांच्या बरोबरीच्या बायका सांगतात. दोन वर्षांपूर्वी त्या मोरीत घसरल्या. हाड मोडले नाही, पण घर घाबरले. मुलाने नवी खाट आणली, समोर टीव्ही लावला. "आई, तू आता फक्त बसून राहायचं," असे बजावले. जेवण खाटेवर, औषध खाटेवर, बालदी खाटेशेजारी. सून अगदी लेकीसारखी करी. आठ महिन्यांनी त्यांना दोन माणसांनी धरल्याशिवाय उभे राहता येईना. त्या घरात कुणीही त्यांचे वाईट चिंतले नव्हते.

असे का झाले? २००७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षांच्या, निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो मांस झडले. ही निरोगी माणसे होती आणि दिवस फक्त दहा होते. आपल्याकडे दुखण्यातून उठलेल्या माणसाला महिना महिना खाटेवरून उतरू देत नाहीत.

आता दुसरी बाजू. १९९४ साली बोस्टन येथील डॉक्टरांनी एका वृद्धसंगोपनगृहातील १०० खंगलेल्या वृद्धांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय ८७ वर्षे होते. काहींना दहा आठवडे पायांचे वजनी व्यायाम दिले. त्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक वाढली आणि चालण्याचा वेगही वाढला. ज्यांना व्यायामाविना नुसता पौष्टिक आहार दिला, त्यांना असा फायदा झाला नाही. यातून दोन गोष्टी समजतात. ८७ व्या वर्षीही स्नायू ऐकतात. पण नुसते खाऊ घालून भागत नाही, हलवावेही लागते.

त्यासाठी व्यायामशाळा लागत नाही. खुर्चीवरून उठणे-बसणे, सुरुवातीला हात टेकवून आणि मग हात न टेकवता, दिवसातून दोन वेळा दहा-दहा वेळा. ओट्याला धरून टाचा वर उचलणे. लिटरभर पाण्याची बाटली किलोभराचे वजनच असते. ती हातात धरून वर-खाली करणे. गॅलरीत किंवा वाडीत रोज थोडे चालणे, दर आठवड्याला थोडे वाढवणे. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि घरातील हलकी कामे काढून घेऊ नयेत. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या, नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणे हे त्यांच्यावरचे ओझे नव्हे, ती त्यांची ताकद आहे.

वर सांगितलेल्या आजींना महापालिकेच्या रुग्णालयातील व्यायामोपचार विभागात नेले. तिथे शिकवलेले व्यायाम सातवीतल्या नातीने रोज शाळेतून आल्यावर त्यांच्याकडून करून घेतले. त्या पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. पण चार महिन्यांनी काठी घेऊन मोरीत एकट्या जाऊ लागल्या आणि खाटेजवळची बालदी घरातून गेली. ती बालदी गेली त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले, त्याला आम्ही स्वाभिमान म्हणतो.

मोरी, संडास आणि जिना

आपल्या घरांची रचनाही माणसाला खंगवते. वस्तीतील सार्वजनिक संडास लांब, रात्री वाटेत अंधार, आत पाणी सांडलेले. मग वृद्ध माणसे काय करतात? संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. त्यातून बद्धकोष्ठ होते, लघवीची जळजळ होते, चक्कर येते आणि चक्करीतून पडणे होते. आजी पाणी का पीत नाही, हे तिला रागावून कळत नाही. रात्री तिच्याबरोबर संडासापर्यंत चालून पाहिले की कळते.

पुनर्वसनाच्या इमारतीत गेलेल्यांचे दुखणे वेगळे आहे. संडास घरात आला, ही मोठी सोय झाली. पण फरशी गुळगुळीत झाली, ओटा गेला, कट्टा गेला, शेजार तुटला. अकराव्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली की आजोबा आठ-आठ दिवस खाली उतरत नाहीत. लिफ्ट दुरुस्त ठेवणे ही त्यामुळे सोसायटीची आरोग्यविषयक जबाबदारीही आहे.

मोरीत आणि संडासात धरायला पक्की लोखंडी दांडी, मोरीत खडबडीत रबरी पट्टी, खाटेपासून संडासापर्यंत रात्रभर एक लहान दिवा, दारातले सुटे पायपुसणे काढून टाकणे, एवढ्याने पुष्कळ पडणे टळते. हा खर्च एका बारशाच्या मंडपाहून कमी आहे.

गोळ्यांची पिशवी

पुष्कळ घरांत खिळ्याला गोळ्यांची एक पिशवी टांगलेली असते. रक्तदाबाची गोळी एका डॉक्टरची, साखरेची दुसऱ्याची, झोपेची मेडिकलवाल्याने दिलेली. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उठताना एकदम चक्कर येते. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो. साखरेसाठी दिली जाणारी मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेतली, तर शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि थकवा, हातापायांना मुंग्या असे त्रास होतात. म्हणून गोळी मनाने बंद करू नये, पण सहा महिन्यांतून एकदा ती सबंध पिशवी एकाच डॉक्टरपुढे ओतावी आणि "यातली कोणती अजून लागते?" असे विचारावे. रक्त कमी आहे का, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व कमी आहे का, तेही तपासून घ्यावे.

वजन घटणे म्हातारपणावर ढकलले की काय होते, याचे एक उदाहरण सांगितले पाहिजे. वस्तीतील एक निवृत्त सफाई कामगार. पँट कमरेला सुतळीने बांधू लागले, तरी घरचे म्हणत, वय झालं. खोकला होता, तो बिडीचा समजला गेला. शेवटी तपासणी झाली तेव्हा क्षयरोग निघाला आणि उशीर झालेला होता. दोन महिन्यांत ते गेले. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. वजन घटत असेल तर आधी रोग शोधावा, मग वयाला दोष द्यावा.

बोलायला कुणी नाही

माणूस अन्नावाचून खंगतो तसा बोलण्यावाचूनही खंगतो. जोडीदार गेला की म्हातारे माणूस एकट्यापुरते शिजवत नाही, उरलेले खाते. ऐकू येत नाही म्हणून लोक दोनदा सांगायचा कंटाळा करतात आणि मग तो माणूस चारचौघांत बसणेच सोडतो. मोतीबिंदूने दिसत नाही म्हणून बाहेर पडत नाही. घरात सहा माणसे आणि सहांच्या हातांत मोबाईल, कोपऱ्यातल्या आजोबांशी दिवसभरात दोनच वाक्ये बोलली जातात, "जेवलात का?" आणि "गोळी घेतली का?" ही उदासी आजार आहे आणि तिच्यावर उपचार आहेत.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांसाठी राज्य शासनाच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरजूंना एकवेळ ३ हजार रुपयांची तरतूद करण्यात आली. तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. एकट्या किंवा छळ सोसणाऱ्या वृद्धांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

भार कुणावर?

हे सारे वाचून एखादी भगिनी म्हणेल, "हे सगळं करायचं कुणी? मीच ना?" तिचा प्रश्न रास्त आहे. सकाळी डबा, दिवसभर नोकरी किंवा घरकाम आणि त्यावर सासूची सेवा. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आई-वडिलांना सांभाळण्याचे कर्तव्य मुलाला सांगितले आहे, ते सुनेवर ढकलायला सांगितलेले नाही. भिक्षू अतिसाराने आजारी पडून घाणीत लोळत असताना स्वतः तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला आंघोळ घातली, असे विनयपिटकात येते. जे काम करताना तथागतांना कमीपणा वाटला नाही, ते करताना मुलाला का वाटावा? बापाला आंघोळ घालणे, आईला धरून चालवणे, अंडे उकडणे ही पुरुषांचीही कामे आहेत.

विहाराने काय करावे

आमच्या वस्तीत काही आजी विहारात येईनाशा झाल्या. भक्ती आटली असे कुणी म्हणाले. विचारल्यावर कळले, खाली बसले की उठता येत नाही आणि चारचौघांत उचलून घ्यायची लाज वाटते. आता भिंतीलगत दहा खुर्च्या मांडल्या आहेत आणि पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवला आहे. त्यातल्या बहुतेक जणी पुन्हा येऊ लागल्या.

प्रत्येक विहाराला हे जमेल. एक वजनकाटा आणि एक वही ठेवावी. दर पौर्णिमेला वंदनेनंतर वृद्धांचे वजन लिहावे आणि खुर्चीची परीक्षा घ्यावी. लागोपाठ वजन घटलेले दिसले तर कार्यकर्त्यांनी त्यांना दवाखान्यात न्यावे. महिला मंडळाने खीरदानाबरोबर उकडलेली अंडी आणि उसळही वाटावी. तरुणांनी नामांतराच्या, पँथरच्या, संपाच्या आठवणी त्यांच्याकडून ऐकाव्यात आणि लिहून ठेवाव्यात. १९५६ साली आई-बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलेली लेकरेही आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याबरोबर जे जाईल, ते कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

तथागतांनी वयाच्या ८० व्या वर्षापर्यंत पायी चारिका केली. शेवटच्या काळात त्यांनी आपल्या देहाची तुलना दोऱ्यांनी बांधून चालवलेल्या जुन्या गाडीशी केली. गाडी जुनी होणारच, ते कुणाला चुकलेले नाही. पण दोऱ्या बांधायचे काम आपले आहे. येत्या पौर्णिमेला घरातील वडीलधाऱ्यांचा हात धरून त्यांना विहारात आणावे. रिक्षा करू नये. झेपेल तेवढे चालवतच आणावे.

जयभीम!